पाठीवरचे बिऱ्हाड

माणूस बिऱ्हाड का बदलतो, असे त्यालाच विचारले तर तो नव्या जागेचे गुण सांगू लागतो. तिथे हवा खेळती आहे, पाण्याची ददात नाही, स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. शेजाऱ्यांना विचारले म्हणजे निराळे उत्तर मिळते. मालकाने जागा सोडायला सांगितली होती, किंवा धाकटा भाऊ आधीच तिकडे राहायला गेला होता, किंवा मुलाच्या शाळेचा प्रश्न होता. गुण मागाहून सापडतात. निघण्याचे कारण बहुधा आधीच ठरलेले असते. गेली तीसएक वर्षे संगणकाशी संबंध आल्यावर माझी अशी धारणा झाली आहे की, एक ऑपरेटिंग सिस्टीम सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांचेही याहून वेगळे नसते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. परंतु तिच्याशी आपला रोजचा व्यवहार असतो. संगणक सुरू केल्यावर दिसणारे पहिले दृश्य, फाइली ठेवण्याची आणि काढण्याची जागा, कळ दाबताच पडद्यावर उमटणारे अक्षर, प्रिंटरकडे जाणारा कागद, या सर्वांची व्यवस्था ती पाहते. घरातल्या कर्त्या बाईप्रमाणे तिचा वावर सर्वत्र असतो, आणि ती आजारी पडेपर्यंत तो कोणाच्या ध्यानात येत नाही. घरोघरच्या संगणकांवर अशा तीन प्रणालींचा संसार मुख्यत्वे दिसतो. मायक्रोसॉफ्टची विंडोज, अ‍ॅपलची मॅक, आणि जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेली लिनक्स. या तिन्हींपैकी कोणती श्रेष्ठ, यावर तरुण मंडळी तावातावाने वाद घालतात. त्या वादात शिरण्याचा माझा विचार नाही. लोक एकीकडून दुसरीकडे का जातात, आणि जाताना त्यांच्या हाती काय उरते, एवढेच मला पाहायचे आहे.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मुदत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची मुदत संपली. ती जुलै २०१५ मध्ये बाजारात आली होती. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो दुसऱ्या दिवशीही सुरू होतो; परंतु त्यात नव्याने सापडलेली भगदाडे बुजवण्याचे काम कंपनी थांबवते. दाराला कडी आहे, पण कडी मोडली तर सुतार येणार नाही, अशी ती अवस्था होय. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय जाहीर केली होती. पुढची विंडोज ११ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती. मात्र तिच्या अटी कडक आहेत. संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला, इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ती आठवी पिढी २०१७ मध्ये आली. त्यापूर्वीचे बहुतेक संगणक, ते कितीही धडधाकट असोत, या यादीबाहेर राहिले.

हे काही प्रथमच घडले नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की, ८ एप्रिल २०१४ रोजी तिची मुदत संपल्यावरही कित्येकांनी ती सोडली नाही. आपल्या देशातील बँकांची अनेक एटीएम यंत्रे त्यानंतरही तिच्यावरच चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून, अशी यंत्रे जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने नव्या प्रणालीवर न्यावीत, असा आदेश द्यावा लागला. सतरा वर्षे जुनी झालेली प्रणाली सोडायला जिथे बँकांना सरकारी पत्र लागते, तिथे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने आपला जुना संगणक सोडला नाही, तर त्याला आळशी कसे म्हणावे? त्याचे काम भागत असते. आणि काम भागत असताना घर सोडणारा माणूस विरळाच.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. कधी कधी घर तेच राहते, पण आतली मांडणी एका रात्रीत बदलते. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि तिने पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातले 'स्टार्ट'चे बटण काढून टाकले. विंडोज ९५ पासून सतरा वर्षे लोकांचा हात ज्या कोपऱ्याकडे आपोआप जात होता, तो कोपरा रिकामा झाला. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, कंपनीला ते बटण परत आणावे लागले. त्यापूर्वी जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाने निराळाच त्रास दिला होता. तिला जास्त मेमरी लागे, आणि लहानसहान कामासाठीही ती परवानगी विचारीत बसे. अशा वेळी माणूस मनाशी एक साधा हिशेब करतो. सारे नव्यानेच शिकायचे असेल तर इथेच का शिकावे? शेजारचे घरही पाहून यावे. मॅककडे आणि लिनक्सकडे गेलेल्या पुष्कळांचे पहिले पाऊल अशा हिशेबातून पडले आहे. नव्या घराच्या ओढीपेक्षा जुन्या घरात आलेले परकेपण त्याला अधिक कारणीभूत होते.

तिसरे कारण सोबतीचे. अ‍ॅपल कंपनीने जून २००२ मध्ये अमेरिकेत एक जाहिरात-मोहीम काढली. विंडोज सोडून मॅककडे आलेली साधी माणसे त्यात पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहून आपला अनुभव सांगत. यंत्राचे गुण यंत्राच्या तोंडून न वदवता माणसांच्या तोंडून वदवावेत, ही त्यातील युक्ती. तरीही जाहिरातीपेक्षा अधिक काम खिशातल्या वस्तूंनी केले. आधी आयपॉड आला, पुढे २००७ मध्ये आयफोन आला, आणि ज्याच्या हातात त्या कंपनीचा फोन, त्याला टेबलावरही तिचाच संगणक बरा वाटू लागला. २००६ मध्ये अ‍ॅपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर बसवले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'बूट कॅम्प' नावाची सोय देऊन मॅकवर विंडोजही चालवता येईल असे केले. ही सोय फार बोलकी आहे. माहेर कायमचे तुटत नाही, मनात आले तर परत जाता येईल, अशी खात्री असली म्हणजे नवे घर स्वीकारणे सोपे जाते.

लिनक्सची कथा याहून वेगळी. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या छोट्याशा प्रयोगाची वार्ता जगाला दिली. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने, कोणीही पाहावी, सुधारावी आणि वाटावी अशी मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला होता. दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली तयार झाली. २००४ मध्ये उबुंटू ही तिची सोपी आवृत्ती निघाली. तिच्या सीडी मागेल त्याला जगात कोठेही टपालाने फुकट पाठवल्या जात, आणि हे दानसत्र २०११ पर्यंत चालू होते.

आता कोणाला वाटेल की, फुकट मिळते म्हटल्यावर भारतात लोकांच्या उड्या पडल्या असतील. तसे झाले नाही. कारण आपल्याकडे विंडोजही बहुतेकांना फुकटच पडत होती. गल्लीतला संगणक जोडून देणारा मुलगा ती विनापरवाना बसवून देई, आणि तिचे मूल्य बिलात कोठेही दिसत नसे. ज्या वस्तूची किंमत आपण कधी मोजलीच नाही, तिच्याऐवजी स्वस्त वस्तू घेण्याचा मोह कसा व्हावा? शिवाय त्या मुलाला विंडोजच येत होती. काही बिघडले तर तोच सायकलवरून येणार. हिशेब लिहिणाऱ्यांचा टॅली हा प्रोग्रॅमही विंडोजवरच चालणारा. म्हणजे माणूस प्रणालीला धरून नव्हता. तो त्या मुलाला आणि आपल्या रोजच्या कामाला धरून होता.

याचा पडताळा केरळात मिळतो. तेथील सरकारी शाळांसाठी या शतकाच्या आरंभी 'आयटी@स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. काही वर्षांतच शाळांतील संगणक लिनक्सवर नेण्यात आले, आणि दहावीच्या परीक्षेतील संगणक विषयही मुक्त सॉफ्टवेअरवर आला. पुढे २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर 'काइट' या सरकारी संस्थेत झाले. तिथे हे का जमले? प्रणाली फुकट होती हे खरे, पण नुसत्या फुकटपणाने काय साधते ते आपण पाहिलेच आहे. केरळने हजारो शिक्षकांना आधी शिकवले. पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली. भूमिती शिकवायला जिओजेब्रासारखे मुक्त प्रोग्रॅम वर्गात आणले. अडल्यावर विचारायला शाळेतच माणूस होता. गल्लीतल्या त्या मुलाचे काम तिथे शिक्षकाने केले, म्हणून स्थलांतर टिकले.

जर्मनीतील म्युनिक शहराची हकीकत याच नाण्याची दुसरी बाजू दाखवते. तेथील नगरपालिकेचे संगणक विंडोज एनटीवर चालत होते आणि तिची मुदत संपत आली होती. म्हणजे तिथेही पहिले कारण मुदतच. मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सकडे जाण्याचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधील आपली सुट्टी मध्येच थांबवून महापौरांची समजूत घालायला आले होते. तरी निर्णय बदलला नाही. दहा वर्षे काम चालले. २०१३ च्या अखेरीपर्यंत सुमारे १५,००० संगणकांपैकी बहुतेक लिनक्सवर आले. आणि तरीही, महापौर बदलल्यावर, २०१७ मध्ये त्याच शहराच्या नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. इतर कार्यालयांकडून येणारी कागदपत्रे नीट उघडत नाहीत, मांडणी विस्कटते, अशा तक्रारी होत्या. मूळ दोष लिनक्सचा नसून नगरपालिकेच्या संगणक विभागांतील विस्कळीतपणाचा होता, असेही अनेक जाणकारांनी म्हटले आहे. दोन्ही बाजूंत तथ्य असावे. सारे गाव एका भाषेत बोलत असताना एकाच घराने दुसरी भाषा धरली, तर दारावर येणाऱ्या प्रत्येकाशी दुभाष्याकरवी बोलावे लागते, आणि त्याचा शीण येतो. इतके असूनही तो मार्ग बंद झाला नाही. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होलस्टाइन या राज्याने आपले सुमारे ३०,००० संगणक मुक्त सॉफ्टवेअरकडे नेण्याचे जाहीर केले. आपल्या राज्याचा कारभार आणि नागरिकांची माहिती परक्या कंपनीच्या हाती नसावी, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

इथवर जे लिहिले ते जगाचे झाले. आपण मराठी लिहिणारे. आपल्या स्थलांतरात एक अडचण अशी आहे, जी इंग्रजी लिहिणाऱ्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. ती म्हणजे आपले अक्षर.

संगणक आला तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती. १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कळफलक ठरला, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवून देवनागरी पाहता येऊ लागली. पुढे विंडोज आली आणि डीटीपीची दुकाने गावोगाव निघाली. तिथे वापरले जाणारे मराठी फॉन्ट ही एक प्रकारची तडजोड होती. संगणक इंग्रजी अक्षरच साठवी; फॉन्ट फक्त त्याच्या अंगावर देवनागरीचा वेश चढवी. तो फॉन्ट जवळ असेल तर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. प्रत्येक कंपनीचा वेश निराळा. शिवाय अशा काही प्रोग्रॅमबरोबर एक कुलूप येई. त्याला डोंगल म्हणत. संगणकाच्या मागे, जिथे प्रिंटरची वायर लागते त्या जागी ते लावले, तरच प्रोग्रॅम चाले.

या तडजोडीचा अर्थ मला माझ्या आत्याच्या गाण्यांनी शिकवला. आमच्या वसईच्या बाजूला लग्नाच्या मांडवात बायका बोलीभाषेतली गाणी म्हणत. आत्याला ती तोंडपाठ होती. १९९७ आणि १९९८ च्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून मी ती उतरून घेतली आणि एका स्नेह्याच्या डीटीपी केंद्रातील संगणकावर टाइप केली. एकूण ४१ गाणी झाली. त्यांपैकी २८ एका लहानशा पुस्तिकेत छापता आली. उरलेल्या १३ गाण्यांच्या छपाईला पैसे पुरले नाहीत. 'राहू दे, पुढच्या लग्नाला छाप,' असे आत्या हसून म्हणाली होती. २००४ मध्ये ती गेली. केंद्र बंद करताना स्नेह्याने तो संगणक, डोंगलसकट, माझ्या हवाली केला. हस्तलिखित वही २००५ च्या जुलैच्या पुरात भिजून लगदा झाली होती. म्हणजे ती १३ गाणी आता जगात एकाच ठिकाणी होती: विंडोज ९८ च्या त्या पिवळ्या पडलेल्या डब्यात.

घरातला दुसरा संगणक दोनदा बदलला. तो डबा मात्र कपाटाजवळ तसाच राहिला. महिन्यातून एकदा मी तो सुरू करून गाणी दिसतात याची खात्री करून घेई. येणारे-जाणारे विचारत, ही अडगळ कशाला? त्यांना काय सांगावे? लोक जुनी प्रणाली का सोडत नाहीत, याची कारणे शोधणाऱ्यांनी असे डबेही मोजायला हवेत. मला विंडोज ९८ चे मुळीच प्रेम नव्हते. माझी आत्या तिच्यात अडकली होती.

२०१३ मध्ये त्या डब्याच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला. माझी भाची तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "मामा, आता थांबू नका. अक्षरे आधी बाहेर काढू, ती वाचायची कशी हे मागाहून पाहू." तिने सगळ्या फाइली, दिसत होत्या त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात, उतरवून घेतल्या. त्यानंतर महिनाभर आम्ही त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करीत बसलो.

युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांसाठी केलेली अक्षरांची एक सामाईक गणती. तीत 'क' ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर, फोनवर, सगळीकडे एकच. १९९१ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. मात्र विंडोजमध्ये ती प्रथम पोचली विंडोज २००० बरोबर. तिच्यासाठीचा मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी या मराठी अक्षररचनाकाराने घडवला. एक्सपीमध्येही ही सोय आधी नियंत्रण कक्षात जाऊन, सीडी घालून, सुरू करावी लागे. व्हिस्टापासून ती आपसूक मिळू लागली. जिच्या नावाने लोकांनी बोटे मोडली, त्या व्हिस्टाने मराठीवर हा एक उपकार केला, हे नमूद केले पाहिजे.

रूपांतर तसे सरळ नसते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असे, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. रफाराचेही तसेच. प्रोग्रॅमने हे बहुतांशी सावरले, पण जोडाक्षरे जागोजागी फुटली. पुस्तिकेतल्या २८ गाण्यांसाठी छापील पान समोर होते. १३ गाण्यांसाठी काही नव्हते. शब्द प्रमाण मराठीचे असते तर अंदाज करता आला असता. हे तर बोलीचे, आजीच्या आजीच्या तोंडचे शब्द. मग मी ते कागद घेऊन आत्याच्या वयाच्या बायकांकडे गेलो. कोणी डोळे मिटून गुणगुणून पाहिले, कोणाला अर्धी ओळ आठवली. एकेक शब्द जुळत गेला. दोन शब्द आजही लागलेले नाहीत. ते मी कंसात, फुटक्या अवस्थेतच ठेवले आहेत. कधी तरी कोणाच्या कानाला ते ओळखीचे वाटतील.

त्यानंतर तो डबा मी भंगारवाल्याला दिला. देताना काहीच वाटले नाही, याचे मलाच नवल वाटले.

२०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपत आली तेव्हा माझा संगणक नव्या अटींत बसत नव्हता. कंपनीने ती तारीख फार आधीपासून जाहीर केली होती, तेव्हा तिच्यावर रुसण्याचे कारण नव्हते. नवा संगणक घेण्याची गरजही मला वाटेना. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार आणि नातवंडांचे फोटो एवढेच माझे काम. भाचीने एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट आणून दिली. या प्रणालीचा एक गुण असा की, ती संगणकावर न बसवताही पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. चार दिवस मी तसे पाहिले. मेनू डाव्या कोपऱ्यातच होता. इनस्क्रिप्ट कळफलक निवडला आणि बोटे सवयीने चालू लागली. आत्याच्या गाण्यांची फाइल उघडली. ४१ गाणी, अक्षर न् अक्षर जागेवर. पाचव्या दिवशी मी ती प्रणाली कायमची बसवली. माझा जुना स्कॅनर मात्र तिथे चालला नाही. कागद स्कॅन करायचा असला तर मी आता फोनने काढतो. एवढी उणीव सोडल्यास तक्रार नाही. कोणी विचारतात, लिनक्स विंडोजपेक्षा चांगली का? मला ठाऊक नाही. माझी भाची जवळ राहते आणि तिला लिनक्स येते. तिला मॅक येत असती तर कदाचित मी मॅकचे गुण सांगत बसलो असतो.

विचार करता असे वाटते की, २०२५ चे माझे स्थलांतर सुखाने झाले ते लिनक्समुळे नव्हे. २०१३ मध्ये गाणी मोकळी झाली होती म्हणून झाले. त्यानंतर मी कोठेही राहू शकत होतो. विंडोजवरच राहिलो असतो तरी चालले असते. आपण 'एकाच जागी राहिलो' असे समजणारेही प्रत्यक्षात बिऱ्हाडे बदलतच असतात. विंडोज ९८ वर चालणारे कितीतरी जुने प्रोग्रॅम पुढच्या ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत; दारावरची पाटी तेवढी तीच राहते. तेव्हा जावे की राहावे, हा प्रश्न दुय्यम आहे. निघायची वेळ आली तर आपले सामान आपल्याला उचलता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मराठीत विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आहे. ज्याला ठाव नाही अशा फिरस्त्याची थट्टा करण्यासाठी ती वापरतात. संगणकाच्या बाबतीत मात्र तो विंचू मला शहाणा वाटू लागला आहे. आपल्या घराघरांत आज वडिलांची टाइप केलेली आत्मकथने आहेत, कुटुंबाच्या वंशावळी आहेत, मंडळांची इतिवृत्ते आहेत, नाटकांच्या संहिता आहेत. त्यांतील पुष्कळ १९९० च्या दशकातील फॉन्टमध्ये, सीडींवर आणि फ्लॉपींवर पडून आहेत. त्या उघडणारे संगणक दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यातला फुटलेला शब्द ओळखणाऱ्या बायकाही.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. संगणक बदलण्याआधी, प्रणाली बदलण्याआधी, एका रविवारी दुपारी जुन्या फाइली उघडून पाहाव्यात. ज्या उघडतात त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, आणि एक प्रत कागदावर छापावी. ज्या उघडत नाहीत त्या टाकून देऊ नयेत. घरातल्या एखाद्या भाचीला, पुतण्याला दाखवाव्यात. आणि घरात कोणी वृद्ध असेल तर रूपांतराच्या वेळी त्यांना शेजारी बसवावे. प्रोग्रॅम अक्षरे जुळवून देतो. शब्द बरोबर आहे की नाही, हे अजून त्यांनाच विचारावे लागते.